अकरा घरकुलं मिळून बांधली, आता पुढच्या सतरांचं काय?

वर्धेकाठचा | रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. वर्धा जिल्ह्यात वर्धा नदीच्या अलीकडं आमचं गाव आहे. पावणेतीनशे उंबरे, काळी जमीन, पऱ्हाटी आणि तूर. गेल्या दोन वर्षांत आम्ही गावातली अकरा घरकुलं मिळून बांधली. ज्याची त्याची जागा, ज्याचं त्याचं बँक खातं, पण पाया खोदण्यापासून छपाईपर्यंतचं काम अकरा घरांनी सोबत केलं. आता नव्या यादीत आणखी सतरा नावं आली आहेत आणि त्यातल्या नऊ कुटुंबांकडं जागाच नाही. म्हणून हा धागा काढतोय. आमचं काय जमलं आणि काय बिघडलं ते सांगतो. ज्यांना पुढचं माहीत आहे त्यांनी सांगावं.

आधी हिशेब, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं की सरकार घर बांधून देतं. प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) सपाट भागात १ लाख २० हजार मिळतात, डोंगराळ आणि नक्षलग्रस्त जिल्ह्यांत १ लाख ३० हजार. २०१६ ला योजना सुरू झाली तेव्हापासून हाच आकडा आहे. घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं हवं. त्यात रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी धरा. २०२५-२६ च्या ३१२ रुपये रोजानं ती २८ हजार ८० होते. संडासाचे १२ हजार. आता राज्यानं वरून ५० हजार देऊ केले आहेत, पण त्यातले १५ हजार छतावरच्या सौर पॅनेलचे. म्हणजे बांधकामाच्या कामी येणारे १ लाख ९५ हजार. आमच्या अकरा घरांच्या वेळी हे वरचे ५० हजार नव्हतेच. आणि आमच्याकडं एका घराला लागल्या सात-आठ हजार विटा, शंभरेक पोती सिमेंट, पाच ब्रास रेती, वर लोहा, मिस्त्री आणि वाहतूक. एकट्यानं बांधायला घेतलं की अडीच लाखांच्या वर जातं.

पण खरी अडचण रकमेइतकीच वेळेची आहे. टप्पा पूर्ण झाला, जिओ-टॅगचा फोटो गेला, की पुढचा हप्ता. जोत्यापर्यंत माणूस उसनवारीवर येतो आणि वाट पाहत बसतो. तोवर मिस्त्री दुसऱ्या गावी निघून जातो, सिमेंट दगड होतं, आणि हातातले पैसे दवाखान्यात किंवा बियाण्यात जातात. आमच्या गावात जुन्या यादीतली चार घरं आजही लिंटेलवर थांबलेली आहेत. वर टिन आणि टिनावर दगड. त्यातल्या एका घरात माझ्या वर्गमित्राची आई राहते. वादळ सुटलं की ती शेजारी जाऊन बसते.

त्या चार घरांमुळंच आम्ही बैठक बोलावली. जागा मुद्दाम शाळेचा व्हरांडा ठेवली, कारण तिथं सगळ्याच वस्त्यांतली माणसं मोकळेपणानं येतात. अकरांपैकी चार घरं रमाई आवासमधली (अनुसूचित जातींसाठीची योजना), तीन शबरीची (आदिवासींसाठीची), चार प्रधानमंत्री आवासची. योजना वेगळ्या, याद्या वेगळ्या, म्हणून आजवर प्रत्येक वस्ती आपापलं पाहत आली. वीट, रेती आणि मिस्त्री मात्र सगळ्यांना एकाच ठिकाणाहून आणावे लागतात, हे त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांनी मिळून बोललं गेलं.

मग ठरलं ते असं. विटांची ऑर्डर एकच, ८५ हजार विटांची. भट्टीवाल्यानं भाव सोडला आणि भाडंही कमी पडलं. शेजारच्या गावच्या मिस्त्रीला सलग पाच महिन्यांचं काम दाखवलं, त्यानं मजुरीचा दर खाली आणला. प्रत्येक घरानं ५ हजार रुपये सामायिक फंडात टाकले. एखाद्याचा हप्ता अडकला की तेवढे दिवस त्याचं काम फंडातून चालायचं आणि हप्ता आला की पैसे परत. प्रत्येक घरातून आठवड्याला दोन दिवस एक माणूस दुसऱ्याच्या कामावर. कुणी याला सावड म्हणतं, कुणी इर्जिक. शेतात आपण करतोच, तेच घरासाठी केलं. क्रम चिठ्ठ्या टाकून लावला, पण ज्या बाईची भिंत आधीच पडली होती तिला सगळ्यांच्या संमतीनं पहिला नंबर दिला.

सगळ्यात जास्त फायदा कशाचा झाला म्हणाल तर फिरत्या कामाचा. एका घराचं काँक्रीट ओलं असतं तेव्हा मिस्त्री पुढच्या जोत्यावर. मिस्त्रीही रिकामा नाही, आणि हप्त्याअभावी काम ठप्प होण्याचीही पाळी आली नाही.

आता चुका. आम्ही दिवाळीनंतर सुरुवात केली. ऐन वेचणीचे दिवस. किलोवर मजुरी मिळत असताना फुकटच्या कामाला कोण येणार? डिसेंबर कसाबसा काढला. त्यामुळं पुढचं सगळं लांबलं आणि शेवटच्या दोन घरांचे स्लॅब पावसात सापडले. एक कुटुंब मध्येच तेलंगणात वीटभट्टीवर गेलं. अशा वेळी काय करायचं हे आम्ही लिहूनच ठेवलं नव्हतं. त्याचं घर बाकीच्या दहांनी बांधलं. आजही दोघं त्याच्याशी बोलत नाहीत.

आणि एक चूक माझी. सामान मोजायला सोपं जावं म्हणून मी सगळ्यांसाठी एकच नकाशा धरला. पोडावरच्या, म्हणजे आदिवासी वस्तीवरच्या, कोलाम कुटुंबानं सांगितलं होतं की आम्हाला चूल बाहेर हवी, पडवी हवी, आत एक खोली पुरे. मी म्हटलं, आता बदल केला तर हिशेब बिघडतो. घर झालं. ते कुटुंब आज त्या पक्क्या खोलीत धान्य ठेवतं आणि स्वतः समोर तट्ट्याची पडवी काढून तिच्यात राहतं. मी रोज त्या रस्त्यानं वावरात जातो.

पुढच्या सतरांपैकी नऊ जागा नसलेले. सहा कुटुंबं गावाच्या कडेला झुडपी जंगलाच्या जागेवर वीसेक वर्षांपासून राहतात, तिघं भावाच्या अंगणात. यांचं कसं करावं?


धुऱ्यावरून | रविवार, रात्री १०:३२

भाऊ, चांगलं काम केलं तुमी. पन माह्या गावचं आयका आन मंग पुढं जा. आमच्याकडं, अकोल्याकडं, पाच-सहा वर्सापयले असंच 'सारे मिळून बांधू' म्हनून चालू झालं. गावातल्याच एका जनानं सांगतलं, तुमी पैशाची कायजी करू नोका, इटा मी आनतो, मिस्त्री मी आनतो, तुमी फक्त बँकेच्या स्लिपवर सह्या करून द्या. बायाईनं अंगठे देले. पैसे खात्यात आले का त्याच दिवशी निंघत. घरं झाली, नाई असं नाई, पन पायाच बरोबर भरला नाई. दुसऱ्याच पाण्यात भितीले अशा चिरा गेल्या का आंदर हात जाते. आता थो मानूस म्हनते, तुमीच त सह्या देल्या.

या योजनेत ठेकेदार लावताच येत नाई, घरवाल्यानं घर सोता बांधाचं, हा नियम आमाले मंग समजला. म्हनून माहं एकच म्हननं हाय. सामान सोबत घ्या, मजुरी सोबत करा, पन पैसा ज्याच्या त्याच्या खात्यातच राहू द्या आन कोऱ्या स्लिपवर कोनाची सही घेऊ नोका. तुमची पन नाई. तुमी चांगले असान. तुमच्यामागं येनारा कसा निंघन, काय सांगावं?


वर्धेकाठचा | रविवार, रात्री १०:५०

दादा, हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. आमच्याकडं पैसे खात्यातच राहिले, पण फंडाची वही माझ्याकडं होती आणि माझ्या एकट्याच्याच सहीनं चालली. कुणी विचारलं नाही म्हणून तसंच चाललं. पुढच्या वेळी तसं नको.


बचतगटवाली | सोमवार, सकाळी ७:१५

मी चिमूर तालुक्यातली, उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) बचतगटात आहे. आमच्या प्रभागसंघानं महा आवास अभियानात घरकुल मार्ट काढलं होतं. सिमेंट, लोहा, दारं-खिडक्या, संडासाचं भांडं, सगळं एका ठिकाणी. वहीवरून दोन गोष्टी सांगते.

फंडाची वही गटाकडं द्या. बाया दर आठवड्याला तसंही बसतात, पैसे मोजतात, वाचून दाखवतात. सही तिघींची, आणि त्या तिघी वेगवेगळ्या वस्त्यांतल्या. बिल जीएसटीचंच घ्या, दुकानदार कितीही म्हणाला की कच्च्या बिलात स्वस्त देतो तरी. पोती जमिनीवर ठेवू नका. फळ्या टाका, भिंतीपासून हातभर दूर. आणि अकरा घरांचं सिमेंट एकदम आणू नका, तीन महिन्यांच्या वर पडलेलं सिमेंट कामाचं राहत नाही. आम्ही भावाच्या लोभानं आणलं होतं, चाळीस पोती वाया गेली. गटाच्या पैशातून गेली, म्हणून अजून जीव जळतो.

दुसरी गोष्ट दादा, तुमच्या पोस्टमध्ये दिसली नाही. स्लॅबवर, भिंतींवर पाणी कोणी मारलं? सकाळ-संध्याकाळ, चौदा-पंधरा दिवस, मार्च-एप्रिलच्या उन्हात. आमच्याकडं हातपंपावरून गुंडानं पाणी आणून बायांनी मारलं. सावडीच्या वहीत मात्र नोंद फक्त पुरुषांच्या दिवसांची. कारण 'बांधकामावर गेला' म्हणजे पुरुष गेला, आणि पाणी मारणं म्हणजे घरचं काम. आम्ही तिसऱ्या घरानंतर ते बदललं. दोन वेळचं पाणी म्हणजे अर्धा दिवस, असं वहीत लिहायला लागलो. ज्या विधवा बाईकडं कामावर पाठवायला माणूस नव्हता, तिचे दिवस त्या पाण्यानं भरले आणि तिला कुणाचे उपकार घ्यावे लागले नाहीत.

घर कुणाच्या नावावर ते पण पाहा. योजनेतच आहे की घर बाईच्या नावानं किंवा दोघांच्या नावानं असावं. मंजुरीत असतं, पण ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नोंद करताना एकट्या नवऱ्याचं नाव चढतं. उतारा काढून बघा.


वर्धेकाठचा | सोमवार, सकाळी ८:०५

ताई, वही उघडून पाहिली. पाणी मारल्याची एकही नोंद नाही. अकराही घरांत बायांनीच मारलं.


कवेलू | सोमवार, दुपारी १:४०

मी नागपूरची, सिव्हिल इंजिनीअर, काही वर्षं वर्ध्यात काम केलं. काळ्या जमिनीचा विषय निघालाच आहे तर सविस्तर लिहिते. अकोल्याच्या दादांच्या भिंतीतल्या चिरांचं मूळही बहुधा तिथंच आहे.

काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. वावरात भेगा पडतात त्याच भेगा घराखालीही पडतात. पाया तीन फुटांवर थांबवला की घर दर वर्षी थोडं वर उचललं जातं, थोडं खाली बसतं, आणि सगळीकडं सारखं नाही. म्हणून खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते. उपाय महाग असतातच असं नाही. मुरूम पाच-सहा फुटांवर लागत असेल तर तिथपर्यंत जा. काढलेली काळी माती पुन्हा खड्ड्यात टाकू नका, मुरूम किंवा रेती भरा. जोत्यावर सलग काँक्रीटचा पट्टा फिरवा. घराभोवती तीन फूट फरसबंदी करा, उतार बाहेर द्या, म्हणजे छपराचं पाणी पायात मुरणार नाही. मुरूम खूपच खोल असेल तर रुरकीच्या सीबीआरआय या संस्थेनं विकसित केलेले, बुडाशी फुगीर गोळा असलेले 'अंडर-रीम्ड' पाइल आहेत. एका घराला त्याचं अवजार आणणं परवडत नाही. सतरा घरांना परवडतं. मिळून बांधण्याचा माझ्या मते हाच सगळ्यात मोठा फायदा, भावातल्या सवलतीपेक्षाही.

भिंतीसाठी विटा आडव्या न ठेवता उभ्या लावून मध्ये पोकळी सोडतात, त्याला रॅट-ट्रॅप बाँड म्हणतात. चौथा हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीमुळं उष्णता आत यायला वेळ लागतो. मिस्त्रीला दोन दिवस शिकवावं लागतं, पण एकदा हात बसला की वेग तोच. स्लॅबच घालायचा असेल तर फिलर स्लॅब घाला. स्लॅबच्या खालच्या अंगाचा ताण सळाख घेते, तिथलं काँक्रीट नुसतं वजन वाढवतं. त्या जागी जुने कवेलू, म्हणजे कौलं, एकावर एक पालथे ठेवायचे. आपल्याकडं प्रत्येक जुन्या घराचे कवेलू उतरवून उकिरड्यावर टाकतात. तेच छताच्या पोटात जातील. मात्र सळाखेचं डिझाइन इंजिनीअरकडून करून घ्या, अंदाजानं नको.

आणि छताचा आणखी एक पर्याय, जो आपल्याच मातीतला आहे. वर्ध्याचं ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र १९७६ साली देवेंद्रकुमार यांनी सुरू केलं. त्यांनी कुंभाराच्या चाकावर होणारी, पेल्यासारखी निमुळती टाइल विकसित केली. एकीच्या तोंडात दुसरीचं बूड बसवत कमान उभी करायची, कमानीला कमान लावत गेलं की सगळं छत. त्यात सळाख नाही. पैसा सिमेंट-लोखंडाच्या दुकानात न जाता गावच्या कुंभाराकडं जातो. पोकळ टाइलमध्ये हवा असते, त्यामुळं खोली थंड राहते. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५-४६ वर जातो. टिनाखाली तान्हं मूल घेऊन दुपार काढून पाहा, मग कळतं मी छतासाठी इतकं का लिहितेय ते.

सेवाग्रामचं पहिलं घर १९३६ साली बांधलं तेव्हा गांधीजींची अट होती की खर्च ५०० रुपयांच्या वर जाऊ नये आणि साहित्य परिसरातलंच असावं. आदि निवास, बापूकुटी आजही उभ्या आहेत. माती, बांबू, कवेलू. शाळेच्या सहली तिथं जातात, पण ग्रामपंचायतीनं आपले मिस्त्री तिथं नेल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

नकाशाबद्दल. योजनेत २५ चौरस मीटर आणि स्वयंपाकाची जागा एवढीच अट आहे, घराचा आकार ठरलेला नाही. चार-पाच नकाशे तयार ठेवा, भिंतीची एकूण लांबी जवळपास सारखी ठेवून. मग हिशेबही बिघडत नाही आणि पडवीही मिळते.


गोंडवन | सोमवार, रात्री ८:२०

पडवीच्या मुद्द्यावर थांबलो. मी गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातला. आमच्या भागात पक्कं घर मिळालं तरी माणसं शेजारच्या कुडाच्या घरात झोपतात आणि साहेब लोक म्हणतात यांना घराची किंमत नाही. बांबू, माती आणि शेणाच्या घरात पावसाळा कसा काढायचा हे आमच्या माणसांना पिढ्यानपिढ्या येतं. त्यांना विचारून बांधलं असतं तर घर वापरलं गेलं असतं. २०२३ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या पीएम-जनमनमध्ये माडिया आणि कोलाम कुटुंबांना घरासाठी २ लाख मिळतात. तुमच्या पोडावर आणखी कुणी राहिलं असेल तर शबरीआधी ते तपासा.

जागेबद्दल आमच्याकडचं सांगतो. मेंढा (लेखा) तुम्ही ऐकलं असेल. १५ ऑगस्ट २००९ ला सामूहिक वनहक्काचा दावा मान्य झालेल्या देशातल्या पहिल्या गावांतलं ते एक. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्यांचीच. २०१३ साली त्या गावानं आपली सगळी शेतजमीन ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेकडं दिली. कायदा १९६४ चा आहे. जमीन कसणारा तोच, पिढीजात कसतो, पण गावाबाहेर विकली जात नाही. तिथं घरासाठी जागा कुणाला द्यायची हा प्रश्न तहसीलमध्ये नाही, ग्रामसभेत सुटतो. पण हे एका ठरावानं झालं नाही. वर्षानुवर्षं अभ्यासगट चालले आणि निर्णय सर्वसहमतीनं, मतदानानं नाही. एक माणूस जरी नाही म्हणाला तरी थांबायचं. तुमच्या नऊ कुटुंबांना इतकी वर्षं थांबता येणार नाही, हे मला कळतं.


सातासमुद्रापार | मंगळवार, पहाटे २:०५

माझं माहेर आर्वी तालुक्यातलं, आता इंग्लंडच्या एका खेड्यात राहते. वर ग्रामदान वाचलं आणि राहवलं नाही.

इथल्या खेड्यांत शहरातले लोक सुट्टीसाठी घरं घेतात, भाव चढतात आणि गावातल्याच नर्सला, शेतमजुराला गावात राहता येत नाही. म्हणून गावकरी 'कम्युनिटी लँड ट्रस्ट' काढतात. जमीन ट्रस्टची, म्हणजे गावाची. तिच्यावरचं घर कुटुंबाचं. विकायचं झालं तरी बाजारभावानं नाही, ठरलेल्या सूत्रानं. कॉर्नवॉलच्या सेंट मिनव्हरमधल्या ट्रस्टची पहिली १२ घरं राहणाऱ्यांनी स्वतः राबून उभी केली. २००८ च्या कायद्यात या ट्रस्टची व्याख्याही आली.

इथल्या एका बैठकीत मी विचारलं, ही कल्पना आली कुठून? उत्तर ऐकून अंगावर काटा आला. पहिला असा ट्रस्ट १९६९ साली अमेरिकेत, जॉर्जिया राज्यात उभा राहिला. न्यू कम्युनिटीज. नागरी हक्क चळवळीतल्या, जमिनीवरून हुसकावल्या गेलेल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी. आणि तो उभारणाऱ्यांपैकी रॉबर्ट स्वान यांच्यासमोर जी उदाहरणं होती, त्यात एक विनोबांचं ग्रामदान. पवनारच्या धाम नदीकाठच्या माणसाची कल्पना जॉर्जियाला गेली, तिथून इंग्लंडच्या खेड्यात आली, आणि मी आर्वीची पोरगी ती इथं नव्यानं ऐकत होते.

त्या जॉर्जियाच्या ट्रस्टची जमीन पुढं दुष्काळ आणि कर्जात १९८५ साली गेली, हेही सांगायला हवं. सामूहिक नावावर जमीन असणं एवढ्यानं ती वाचत नाही.


धुऱ्यावरून | मंगळवार, सकाळी ६:५०

ताई, मनाले लागलं तुमचं लिवनं. पन आमच्या गावात भाव चढून कोनी बाहेर पडत नाई, काम नाई म्हनून पडते. समृद्धीच्या इंटरचेंजजवयच्या गावाईत मात्र तुमी म्हनता तसंच होऊन रायलं. ततीचं गावठान आताच गावानं धरून ठेवलं पायजे, नाई त दहा वर्सानं मजुराले गावात खोली नाई भेटत.


जुनी टेप | मंगळवार, सकाळी ११:३०

सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालो. नोकरीची सुरुवातीची वर्षं लातूर-उस्मानाबादकडं भूकंपानंतरच्या कामात गेली. ३० सप्टेंबर १९९३ नंतर ५२ गावं नव्या जागी वसवली. नकाशे आम्ही कार्यालयात काढले. रुंद रस्ते, सरळ ओळी, प्रत्येकाला सारखा चौकोन. गाव जुनं होतं तेव्हा अंगणं एकमेकांत उघडत. नव्या गावात म्हाताऱ्या माणसांना शेजार उरला नाही, जनावरं बांधायला जागा नाही. त्याच वेळी जिथं गावं हलवली नाहीत तिथं पैसे आणि सामान घरमालकाच्या हाती दिलं, मिस्त्रींना शिकवलं, गावातल्या बायांना संवाद सहायक नेमलं. ती घरं लोकांनी स्वतः दुरुस्त केली आणि त्यांचा जीव त्यांत राहिला. तुमच्या कोलाम कुटुंबाची गोष्ट वाचून मला माझे जुने नकाशे आठवले.

आता नऊ कुटुंबांचं. झुडपी जंगलाचा विषय आपल्या पूर्व विदर्भाची जुनी गाठ आहे. महसुली दप्तरात या जमिनी 'झुडपी जंगल' लिहिल्या गेल्या आणि गावंच्या गावं त्यांवर वसली. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं या जमिनी वन समजाव्यात असा निकाल दिला. १२ डिसेंबर १९९६ आधी दिलेल्या जागांना नियमित करण्याची वाट ठेवली, त्यानंतरच्यांबाबत फार कडक भूमिका घेतली. तुमची सहा कुटुंबं वीसेक वर्षांची म्हणजे १९९६ नंतरची. शासकीय जागेवरची १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणं नियमित करायचा जो राज्याचा निर्णय आहे, त्याच्या भरवशावर या जमिनीवर घर बांधू नका. हप्ता मिळेल, घरही होईल, आणि पुढं पाडायची नोटीस येईल. गायरानाचंही तसंच, २०११ च्या जगपाल सिंह निकालानंतर तो दरवाजा जवळजवळ बंद आहे.

मग उरते खाजगी जागा. पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेत घरकुलाच्या जागेसाठी ५०० चौरस फुटांपर्यंत मदत मिळते. आधी ती ५० हजार होती, आता १ लाखापर्यंत आहे. लोक म्हणतात तुकडेबंदी आड येते. १९४७ चा कायदा आहे खरा, पण घरकुलाच्या लाभार्थ्यासाठी १,००० चौरस फुटांपर्यंतचा तुकडा जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीनं घेता येतो, तशी दुरुस्ती झाली आहे. नऊ जणांनी नऊ दिशांना जागा शोधू नये. गावठाणाला लागून एकाच शेतकऱ्याकडून सलग जमीन घ्या, खरेदीखतं नऊ करा. रस्ता आणि मोकळी जागा त्याच व्यवहारात ग्रामपंचायतीच्या नावे करून घ्या. ते नंतर करू म्हणाल तर कधीच होत नाही, माझ्या नोकरीत एकदाही झालेलं पाहिलं नाही.

रेतीचं एक. २०२५ च्या रेती धोरणात घरकुलाला ५ ब्रासपर्यंत रेती मोफत आहे, वाहतूक आपली. सतरा अर्ज एकाच दिवशी, एकाच घाटासाठी द्या. पावसाळ्यात घाट बंद असतात हे धरून चाला.


वर्धेकाठचा | पुढच्या आठवड्यातला रविवार, रात्री ९:४५

सगळ्यांना नमस्कार. या आठवड्यात दोन बैठका झाल्या, दोन्ही शाळेच्याच व्हरांड्यात. धाग्यातलं एकेक मोठ्यानं वाचून दाखवलं. अकोल्याच्या दादांची पोस्ट दोनदा वाचायला लावली लोकांनी.

झुडपी जंगलावरच्या सहा कुटुंबांना हे सांगणं फार जड गेलं. त्यातल्या एका आजोबांनी तिथं लिंब लावलेला आहे, आता त्याच्याखाली बैलबंडी उभी राहते. ते काही बोलले नाहीत, उठून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःहून घरी आले आणि म्हणाले, जागा बघायला कधी निघायचं.

गावठाणाला लागून अर्धा एकर द्यायला एक शेतकरी तयार आहे. त्यांच्या वावराच्या त्या कोपऱ्यात पाणी साचतं, पीक येत नाही. जमीन बाजारभावानं देतील, पण पैसे हप्त्यानं चालतील म्हणाले. पाणी साचतं ही गोष्ट घरालाही वाईटच, म्हणून मुरूम किती खोल आहे ते पाहायला तीन खड्डे घेतले. दोन ठिकाणी साडेचार-पाच फुटांवर लागला, तिसऱ्यात सात फुटांवरही नाही. कवेलूताई, त्या बाजूला घरं न घेता मोकळी जागा आणि शोषखड्डे ठेवावेत असं आमच्या मनात आहे. तुम्हाला जमलं तर येऊन पाहाल का? राहायची सोय आमच्या घरी.

फंडाची वही गटाकडं गेली. सह्या तिघींच्या, त्यात एक पोडावरची. पाणी मारण्याचा अर्धा दिवस लिहायचं ठरलं, आणि जुन्या अकरा घरांतल्या बायांनी विचारलं की आमचे दिवस मागच्या तारखेनं लिहिणार का. त्यावर अजून निर्णय झालेला नाही. मी 'हो' म्हटलं, काहींना ते पटलं नाही. पुढच्या बैठकीत पुन्हा घेणार.

गाव सोडून कामावर जावं लागलं तर काय, हेही या वेळी लिहिलं. जाणाऱ्यानं आधी सांगायचं, परत आल्यावर दिवस भरून द्यायचे, नाही जमलं तर मजुरीच्या दरानं फंडात टाकायचे. तेलंगणात गेलेला आमचा भाऊ या बैठकीला आला होता. त्यानं स्वतःहून नव्या सतरा घरांवर वीस दिवस काम करायचं कबूल केलं. न बोलणाऱ्या दोघांपैकी एकजण त्याच्याशेजारी बसला.

काम होळीनंतर, वेचणी पूर्ण संपल्यावर. छतं मृगाच्या आत. त्याआधी टाइलच्या छताचं पाहायला बुधवारी आम्ही वर्ध्याला जातोय. मिस्त्री, दोन बाया, मी आणि शेजारच्या गावचे कुंभारकाका. त्यांनी विचारलंय की भट्टीत एकावेळी किती टाइल निघतील आणि साचा विकत मिळतो का. केंद्रात कुणाशी बोलावं हे कुणाला माहीत असेल तर मंगळवारपर्यंत व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.